चाळीस मिनिटांचं अंतर

आमच्या विमानतळापासून माझ्या धाकट्या भावाच्या शहरातल्या विमानतळापर्यंत सरळ रेषेत अडीचशे किलोमीटर भरतात. चाकं जमिनीवरून सुटल्यापासून पुन्हा जमिनीला टेकेपर्यंत विमानाला चाळीस मिनिटं लागतात. तिकिटावर मात्र एक तास छापलेला असतो. वरची वीस मिनिटं कंपनीने स्वतःची अब्रू झाकायला धरलेली असतात, म्हणजे उशिरा निघालं तरी वेळेवर पोचलो असं सांगता येतं. मध्ये डोंगर आहे आणि डोंगराला लागून खाडी, त्यामुळे रस्त्याने सकाळी निघालेला माणूस दिवेलागणीला पोचतो, तोही कंबर धरून. हे सगळं मला झोपेतून उठवून विचारलं तरी मी सांगेन, कारण माझं पोट त्यावरच चालतं.

आणि नेमकं हेच माझ्या आईला पटत नव्हतं.

"चाळीस मिनिटं म्हणजे काय गं? भाजी आणायला गेलं तरी तेवढी लागतात," ती म्हणायची. "तुझे आपले कागदावरचे आकडे. लांब असणार ते. लांब नसतं तर आला नसता का तो?"

यावर मी सुरुवातीला हसायचे. मग समजावायला लागले. मग चिडायला लागले. शेवटी शेवटी तर आमच्या घरात भांडण म्हणजे एवढं एकच उरलं होतं. ती म्हणणार लांब, मी म्हणणार जवळ. आपलंच खरं करायची खोड मला तिच्याकडूनच आलेली आहे.

आमचा विमानतळ म्हणजे एक हॉल, दोन काउंटर, अधूनमधून अडणारा आणि लाथ मारल्याशिवाय न चालणारा सामानाचा पट्टा, आणि एक चहावाला, ज्याचा चहा फक्त विमानाला उशीर झाला की खपतो. मागच्या खोलीत मी बसते. प्रवासी किती, बॅगा किती, माल किती, इंधन किती, यांची बेरीज करून विमान उचलेल की नाही हे ठरवायचं, हे माझं काम. त्या कागदाला लोडशीट म्हणतात. त्यावर कॅप्टनची सही झाल्याशिवाय दार बंद होत नाही. प्रवाशांना काही कोणी काट्यावर उभं करत नाही. प्रत्येक मोठा माणूस पंचाहत्तर किलोचा धरायचा, असा नियम आहे. एखादा दीडशे किलोचा गृहस्थ समोरून डुलत डुलत गेला तरी कागदावर तो पंचाहत्तरचाच.

घर आमचं धावपट्टीच्या टोकापासून फार लांब नाही. निघालेलं विमान स्वयंपाकघराच्या खिडकीवरून जातं, तेव्हा फडताळातल्या कपबशा थरथरतात. आई त्या खिडकीशी खुर्ची टाकून बसायची. तिची फुप्फुसं गेल्या काही वर्षांत कामातून गेली होती. चार पावलं चालली की धाप लागायची. पण दुपारचं विमान गेलं की मान वर करून ते दिसेनासं होईपर्यंत बघायची, आणि माझी सुट्टी असली की थोड्या वेळाने विचारायची, "आत्ता कुठे असेल गं?"

"उतरलंसुद्धा," मी सांगायचे.

"काहीतरीच."

तिला असं वाटायला लावलं ते धाकट्यानेच. तो वर्षातून दोनदा यायचा. सकाळच्या विमानाने यायचा आणि दुपारच्याने परत जायचा. आला की दारातच हुश्श करायचा, सोफ्यावर अंग टाकायचा आणि म्हणायचा, "दमलो बुवा." ताईची चाळीस मिनिटं नुसती हवेतली आहेत, असं त्याचं म्हणणं. त्याच्या आधी घरातून निघा, ट्रॅफिकमध्ये अडका, रांगेत उभे राहा, तपासणी करून घ्या, मग बसा ताटकळत. "सगळं धरलं ना आई, तर सहा तास होतात बघ." आई त्याच्या डोक्यावरून हात फिरवायची आणि माझ्याकडे असं बघायची, की बघ, मी सांगत नव्हते? चाळीस मिनिटांत माणूस एवढा दमतो का?

माणूस लाघवी आहे, यात शंका नाही. आल्याबरोबर तो आईला हसवायचा. माझी टिंगल करायचा, की ताईचं लग्न त्या लोडशीटशी लागलंय, नवऱ्याचं वजन रोज करते. मीही हसायचे. त्याला कोणी काही मागितलं तर तो कधी नाही म्हणत नाही. लहानपणापासून म्हटलेलं नाही. तो हो म्हणतो, आणि मग ती गोष्ट होत नाही, आणि त्यात त्याचा काही दोष नसतो. एकदा तर तो विमानतळाच्या बाहेरसुद्धा पडला नाही. फोन करून मला म्हणाला, आईला तिथेच घेऊन ये ना, मला याच विमानाने परत जायचंय. मी आईला रिक्षात घालून आणलं. चहावाल्याच्या बाकावर मायलेक बसले. विमानात इंधन भरून होईपर्यंत दोघांनी गप्पा मारल्या आणि तो गेला. परतताना आई म्हणाली, "एवढ्या लांबून आला गं, नुसतं मला बघायला."

त्याने तिकडे घर घेऊन पाच वर्षं झाली होती. त्यात एक खोली आईची आहे, असं तो पहिल्या दिवसापासून सांगत आला. गच्चीला लागून, वाऱ्याची. आईने फोनवर त्या खोलीच्या खिडकीचं माप विचारून घेतलं, आणि शिलाई मशीनवर थांबत थांबत, धाप खात, पडदे शिवले. निळे, बारीक पांढऱ्या रेघांचे. घडी करून कपाटात ठेवले होते. अधूनमधून काढून ऊन द्यायची आणि परत ठेवायची.

या वर्षी तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरीण बाईंनी एक्स-रे दिव्यासमोर धरून बघितला. मग म्हणाल्या, लवकरच ऑक्सिजन लावावा लागेल, घरीच, कायमचा.

आईने विचारलं, "मग विमानात बसता येईल का?"

"मग नाही. कुठे जायचंय?"

"मुलाकडे."

"किती वेळाचा प्रवास?"

आईने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, चाळीस मिनिटं. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, तेवढं आत्ता जमेल, पण जायचं तर या महिन्यातच जाऊन या, पुढचं मी सांगू शकत नाही.

त्या संध्याकाळी मी धाकट्याला फोन केला. "अगं हो, नक्की," तो म्हणाला. "पाठवच. मी तिकीट काढतो." आईने तेव्हाच बॅग भरायला घेतली. आठवडा गेला, दुसरा गेला. मी पुन्हा फोन केला तर म्हणाला, "अगं, तुला पास आहेत ना कंपनीचे? आईला चालतात की. मग तिकिटाला कशाला उगाच?" मला राग आला. मी काढते तिकीट, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण आई समोर बसून ऐकत होती आणि मान डोलावत होती, की बरोबर बोलतोय पोरगा.

मग दिवस ठरला. मी म्हटलं, सकाळच्या विमानाने पाठवते. तर सकाळी त्याची मीटिंग. दुपारच्याने पाठव, मी ऑफिसातून थेट विमानतळावर येतो, म्हणाला.

इथे मला कामातली एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमची धावपट्टी आखूड आहे. कडक ऊन पडलं की हवा विरळ होते आणि विमानाला उचलायला जड जातं. अशा दुपारी वजन कमी करावं लागतं. म्हणजे सीट रिकामी असली तरी माणूस नेता येत नाही. आणि वजन कमी करायचं म्हटलं की सगळ्यात आधी खाली उतरतात ते पासवाले, म्हणजे आम्ही नोकरीतले आणि आमच्या घरचे. उन्हाळ्यात हे इतकं नेहमीचं आहे, की आमच्यातलं कोणी दुपारच्या विमानाला पासवर जायला निघालं, की चहावाला विचारतो, रात्रीचं जेवण घरीच ना?

धाकट्याला हे माहीत होतं. एकदा माझ्या पासवर जाताना तो स्वतःच असा उतरवला गेला होता. माझ्या खोलीत येऊन तणतणला होता, सीट रिकामी दिसतेय आणि तुम्ही मला नेत नाही म्हणजे काय. तेव्हा मी त्याला कागद पुढे घेऊन सगळं समजावलं होतं. ऊन, हवा, धावपट्टी, पासवाले. तो चक्क शांत झाला. "इंटरेस्टिंग आहे गं तुझं काम," म्हणाला. मला बरं वाटलं होतं. घरात कोणी माझ्या कामाबद्दल विचारलं असं फार कधी झालेलं नाही.

म्हणून मी त्याला फोनवर आठवण करून दिली, की दुपारच्याला पासवर भरवसा नाही. तर तो म्हणाला, "होईल गं. आणि नाहीच झालं तर परत कधीतरी. आपल्या हातात थोडंच आहे?"

जायच्या दिवशी आई पहाटेच उठून तयार होऊन बसली. ठेवणीतली साडी नेसली होती. बॅगेत कपडे कमी आणि पडदेच जास्त होते. सकाळी धाकट्याचा मेसेज आला. "तिकडे ऊन कसंय आज?"

मी आईला वाचून दाखवला. म्हटलं, बघ, तुझ्या जिवाची काळजी करतोय, प्रवासात उन्हाचा त्रास होईल म्हणून विचारतोय. आईचा चेहरा असा उजळला, की मला माझ्या आजवरच्या सगळ्या चिडचिडीची लाज वाटली. मी त्याला उत्तर पाठवलं, फार आहे, पण तू काळजी करू नकोस, मी आहे.

दुपारी पारा चाळिशीच्या पुढे गेला. विमान आलं, प्रवासी उतरले, कॅप्टन माझ्या खोलीत आला, माझी बेरीज बघितली आणि डोकं हलवलं. "मॅडम, दीडशे किलो काढा."

दीडशे म्हणजे सरळ हिशेब होता. पासवर दोघं होते, आई आणि आमचा एक मेकॅनिक. पंचाहत्तर आणि पंचाहत्तर. मी काचेतून बाहेर बघितलं. आई व्हीलचेअरवर बसली होती, बॅग मांडीवर, दोन्ही हात बॅगेवर. गेल्याच आठवड्यात डॉक्टरीण बाईंनी तिला काट्यावर उभं केलं होतं आणि आकडा वाचून पुन्हा उभं केलं होतं. चाळीस किलोसुद्धा भरली नव्हती. पण कागदावर ती पंचाहत्तर होती, आणि कागदावरची आई काढली तरच विमान उडणार होतं.

मेकॅनिक बिचारा स्वतःच आला. "ताई, माझं काय, मी सकाळी जातो. आईंना जाऊ द्या." त्याचं वजन गेलं. उरलेलं आणायचं कुठून? मालाची यादी बघितली, तर विमानाच्या पोटात नळाच्या तोट्यांची खोकी होती, पितळी, जड. पैसे भरलेला माल पासवाल्यांच्या आधी काढायचा नाही, हा नियम. पण मालकच म्हणाला उद्या पाठवा, तर काढता येतो. मी तोट्यांच्या व्यापाऱ्याला फोन लावला. अनोळखी माणूस. त्याच्यासमोर मी जितकी अजिजी केली, तितकी आयुष्यात कोणासमोर केलेली नाही. तो आधी गुरकावला. तिकडच्या विमानतळावर त्याचा माणूस टेम्पो घेऊन उभा होता म्हणे. मग त्याने विचारलं, कोणाला जायचंय एवढं? मी म्हटलं, माझी आई, मुलाकडे, पहिल्यांदाच.

"मग आधी सांगायचं ना बाई," तो म्हणाला. "तोट्यांना काय घाई आहे."

खोकी उतरली. आई चढली. खरं म्हणजे दोन जणांनी खुर्चीसकट उचलून तिला वर नेलं. दारात पोचल्यावर तिने वळून मला हात केला. मी लोडशीटवर सही घेतली आणि धाकट्याला मेसेज टाकला, आई निघाली. त्याचा फोन बंद असावा, मेसेज पोचला नाही. गाडी चालवत असेल, असं मी धरून चालले. विमान आमच्या घरावरून गेलं तेव्हा मी धावपट्टीच्या कडेला उभी होते, आणि मला रडू आलं. आनंदाने आलं, हे कबूल केलं पाहिजे.

तिकडच्या विमानतळावर माझंच काम करणारे एक गृहस्थ आहेत. सगळे त्यांना मामा म्हणतात. रोज दोनदा फोनवर बोलतो आम्ही, पण एकमेकांचं तोंड कधी पाहिलेलं नाही. त्यांना मी सांगून ठेवलं होतं. विमान टेकल्याबरोबर त्यांचा फोन आला. "ताई, आल्या तुमच्या आई. अगदी मजेत आल्या. काचेला नाक लावून बसल्या होत्या म्हणे."

थोड्या वेळाने पुन्हा आला. "ताई, घ्यायला कोणी आलेलं दिसत नाही. बाहेर नाव पुकारून झालं माझं."

मी धाकट्याला फोन लावला. बंद. परत लावला. बंद. तिसऱ्यांदा लागला.

"काय गं, राहिली ना आई?" त्याने उचलल्या उचलल्या विचारलं. आवाज मऊ, दुःखी वगैरे. "जाऊ दे, वाईट वाटून घेऊ नकोस. तुझ्या तरी काय हातात आहे. बघू पुढे कधीतरी."

मी म्हटलं, "आई तिथे पोचली आहे."

तो म्हणाला, "कशी काय? एवढ्या उन्हात? दुपारी तर पासवाल्यांना उतरवतात ना?"

त्याला कळलंही नाही तो काय बोलून गेला ते. मला कळलं. सकाळचा मेसेज डोळ्यांसमोर आला. तो मी केवढ्या कौतुकाने वाचून दाखवला होता, तेही आठवलं. दुपारचं विमान, पास, मीटिंग, सगळं जागच्या जागी बसलं. आयुष्यभर ज्याने कोणाला नाही म्हटलं नाही, त्याने या खेपेला नाही म्हणायचं काम उन्हावर सोपवलं होतं. आणि ऊन कसं नाही म्हणतं, हे त्याला शिकवलं मी.

"तू कुठे आहेस?" मी विचारलं.

"मी जरा बाहेरगावी आहे गं. अचानक निघावं लागलं. उद्या संध्याकाळपर्यंत येतो."

"आणि बायको?"

"ती तिच्या आईकडे गेलीये."

मी बाहेर काउंटरवर होते, समोर माणसं उभी होती. ओरडता येत नव्हतं. ओरडून तरी काय म्हणणार होते, देव जाणे. "आज ऊन कमी पडलं रे तुला," एवढं म्हटलं आणि फोन ठेवला.

तोट्या गेल्या असत्या तर त्यांना घ्यायला निदान टेम्पोवाला उभा होता. हा विचार मनात आला आणि मला स्वतःचीच शिसारी आली, पण तो गेला नाही, अजूनही जात नाही.

मामांना फोन करून मी सांगितलं, की त्याची गाडी वाटेत बंद पडलीये. मामा चाळीस वर्षं विमानतळावर काढलेला माणूस. त्यांनी फक्त "असं का" म्हटलं. मग म्हणाले, "ताई, आईंना मी घरी घेऊन जातो. आमची मंडळी आहे घरात, काळजी करू नका." मी रडायच्या बेतात आले. मी हो म्हणणार, तेवढ्यात मागून आईचा आवाज ऐकू आला. फोन द्या इकडे, म्हणत होती.

"हे विमान कुठे जाणारे गं आता?" तिने विचारलं.

"इकडेच येणार, आई. पण तू थांब. तो येतोय, वाटेतच आहे. गाडी..."

"हेच परत जाणार ना? मग मला यातच बसव."

"अगं, एवढी गेलीस तर घर तरी बघून ये. मामा ठेवून घेतायत. सकाळी तो—"

"नको," आई म्हणाली. "त्याला कशाला धावपळ."

तिकडची धावपट्टी लांब आहे, तिकडून उन्हामुळे कोणी मागे राहत नाही. मामांनी त्यांची लोडशीट मला पाठवली, नेहमीसारखी. पासवर एक, पंचाहत्तर किलो. मी तो आकडा बघत बसले. दुपारच्या जेवणानंतर गेलेली आई चहाच्या वेळेला परत येत होती.

विमान टेकलं तेव्हा मी थेट शिडीपाशी जाऊन उभी राहिले. दोघांनी तिला खुर्चीसकट खाली आणलं. थकलेली नव्हती. साडी चुरगळलेलीसुद्धा नव्हती. मांडीवरची बॅग अगदी चपटी झाली होती.

"पडदे कुठे गेले?" मी विचारलं.

"दिले त्या मामांना. भला माणूस आहे गं. पाणी आणून दिलं, पंखा माझ्याकडे वळवला. त्यांच्या खिडकीचं माप नाही विचारलं मी. बसतील कुठेतरी."

मी खुर्ची ढकलत तिला हॉलमधून बाहेर नेलं. चहावाला काहीतरी विचारणार होता, पण माझ्या तोंडाकडे बघून कप विसळायला वळला. रिक्षात तिला नीट बसवलं, शेजारी बसले, तिचा हात हातात घेतला. ती काहीतरी बोलेल म्हणून वाट बघत होते. धाकट्याला दोन शिव्या घातल्या असत्या तरी मी त्या झेलल्या असत्या.

आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर ती म्हणाली, "चहा दिला होता गं त्यांनी विमानात. कागदी कपात. गरम होता, मी फुंकर घालत बसले. तो पिऊन होतोय तोवर ती मुलगी आली आणि म्हणाली, आजी, द्या तो कप, उतरतोय आपण."

मी तिच्या मांडीवरची बॅग माझ्याकडे घेतली.

"येतानाही तसंच," ती म्हणाली. "एवढंच आहे होय ते."

इतकी वर्षं मी हेच तिला पटवत होते. आकडे सांगून, चिडून, दारं आपटून. आता तिला पटलं होतं. आणि मला वाटत होतं, की कोणीतरी तो डोंगर उचलून आणखी रुंद करावा, खाडीचा समुद्र करावा, काय वाटेल ते करावं, पण हिचं बोलणं खोटं पाडावं.

"तसं नाही, आई," मी म्हटलं. "आज वारा मागून होता. वारा मागून असला की विमान लवकर पोचतं. एरवी खूप लांब आहे ते. खूप वेळ लागतो."

आईने माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. लहान मुलगी खोटं बोलताना पकडली जाते, तेव्हा आई जशी बघते, तशी ती बघत होती.

"जातानाही मागून," ती म्हणाली, "आणि येतानाही मागूनच?"

रिक्षा दारात थांबली होती. मी खाली उतरले आणि तिला उतरवून घ्यायला हात पुढे केला.